अहवालात ‘सीएक्ससीआर४ उच्च’ असे आले आहे: स्तनाच्या कर्करोगात केमोकाइन रिसेप्टरवरून पुढचा अंदाज बांधता येतो का?

अबोली_डिचोली

नमस्कार मंडळी. मी गोव्यात डिचोलीला उच्च माध्यमिकच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. इथे बरीच वर्षे वाचते आहे, पण घरातला प्रश्न घेऊन आज पहिल्यांदाच लिहिते आहे.

माझे माहेर चोडणचे. दोन महिन्यांपूर्वी माझ्या थोरल्या वहिनीच्या (वय ५८) उजव्या स्तनातील गाठीची शस्त्रक्रिया झाली. गाठ २.३ सेंटिमीटरची, ग्रेड २, काखेतून काढलेल्या १४ लसिकाग्रंथींपैकी एकीत कर्करोगाच्या पेशी, ईआर आणि पीआर (इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांना ओळखणारे पेशींमधले रिसेप्टर) पॉझिटिव्ह, हर-टू (पेशीला वाढीचा संदेश देणारे प्रथिन) निगेटिव्ह, असे अहवालात आहे. इथवर डॉक्टरांनी आम्हाला नीट समजावून सांगितले. केमोथेरपी द्यायची की नाही हे ठरायचे होते, तेवढ्यात एका नातेवाइकाच्या आग्रहावरून भावाने मेणाचा ब्लॉक (काढलेल्या गाठीचा मेणात जतन केलेला तुकडा) एका खाजगी प्रयोगशाळेकडे पाठवला आणि बरेच पैसे मोजून जनुकांची मोठी चाचणी करून घेतली. अकरा पानांचा अहवाल आला. आठव्या पानावर तांबड्या चौकटीत एवढेच होते: ‘सीएक्ससीआर४: उच्च. सीसीआर७: मध्यम. दूरच्या अवयवांतील प्रसाराशी संबंधित.’ पुढे-मागे कसलेही स्पष्टीकरण नाही. भावाने रात्री मोबाइलवर ते नाव शोधले, तर समोर एचआयव्ही आला. सकाळी मी पोचले तेव्हा वहिनी विळीपाशी बसली होती, अर्धा खवलेला नारळ तसाच हातात होता, आणि तिने मला एकच विचारले, ‘बाय, म्हणजे हाडांत गेले म्हणायचे का गो?’

तेव्हापासून मी जमेल तसे वाचते आहे. केमोकाइन म्हणजे पेशींना वाट दाखवणारी छोटी प्रथिने. माणसाच्या शरीरात त्यांचे पन्नासच्या आसपास प्रकार आहेत आणि त्यांना ओळखणारे रिसेप्टर वीसेक. जखम झाली की पांढऱ्या पेशी रक्तातून नेमक्या त्याच जागी उतरतात, कारण तिथून केमोकाइन पाझरत असते आणि जिकडे ते दाट होत जाते तिकडे पेशी सरकत जाते. सीएक्ससीआर४ हा रिसेप्टर सीएक्ससीएल१२ नावाच्या केमोकाइनला प्रतिसाद देतो, आणि सीसीआर७ हा सीसीएल१९ व सीसीएल२१ यांना.

१८८९ साली लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. प्रसार यकृतात वारंवार दिसत होता, पण भरपूर रक्तपुरवठा असूनही प्लीहेत क्वचितच. त्यावरून त्यांनी बीज आणि जमीन यांचा विचार मांडला: बीज वाऱ्याबरोबर कुठेही पडते, रुजते मात्र मानवेल त्याच मातीत. हे वाचताना मला आमचे खाजन (खाडीकाठची बांध घातलेली शेतजमीन) आठवले. मानस (बांधातले पाण्याचे दार) फुटून खारे पाणी आत शिरले की दुसरे कोणतेही भात टिकत नसे, वडील तिथे कोरगूट हे खारे पाणी सोसणारे भातच पेरायचे. वर्गात मी हा दाखला देते, पण वहिनीच्या संदर्भात तो मनात आला तेव्हा बरे वाटले नाही.

त्यानंतर २००१ साली ‘नेचर’मध्ये आलेला शोधनिबंध वाचला. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर सीएक्ससीआर४ आणि सीसीआर७ हे दोन रिसेप्टर मोठ्या प्रमाणात आढळले. त्यांना बोलावणारी केमोकाइन ज्या अवयवांत सर्वाधिक होती, ते म्हणजे लसिकाग्रंथी, फुप्फुस, यकृत आणि अस्थिमज्जा. आणि हा कर्करोग पसरतो तोही बहुधा तिथेच. उंदरांमध्ये सीएक्ससीआर४चा मार्ग अडवल्यावर फुप्फुसांत आणि लसिकाग्रंथींत होणारा प्रसार घटला. हे सगळे इतके पटणारे आहे की त्या तांबड्या चौकटीची भीती अधिकच वाढते. वहिनीच्या गाठीत हा रिसेप्टर ‘उच्च’ असेल तर तिच्या पुढच्या वाटचालीबद्दल त्यातून खरोखर काही कळते का? कळत असेल, तर तिचे डॉक्टर त्याकडे लक्ष का देत नाहीत?

सूक्ष्मदर्शी

अबोलीताई, मी निवृत्त पॅथॉलॉजिस्ट आहे. अशा गाठींचे अहवाल लिहिण्यात माझी छत्तीस वर्षे गेली. वहिनींना आधी हे सांगा की ‘हाडांत गेले’ असे त्या अहवालात कुठेही म्हटलेले नाही आणि त्या चाचणीतून ते कळूही शकत नाही. ती चाचणी काढून टाकलेल्या गाठीच्या तुकड्यावर झालेली आहे. हाडांची अवस्था हाडांच्या तपासणीतूनच कळते.

आता मूळ प्रश्न. २००१चा तो निबंध फार मोलाचा आहे, आणि त्यानंतर अनेक देशांतील रुग्णांच्या ब्लॉकवर हे रिसेप्टर तपासले गेले. अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणांत, सीएक्ससीआर४ जास्त असलेल्या रुग्णांचा आजार सरासरीने अधिक वेळा उलटलेला दिसतो. पण ही सरासरी आहे, आणि सरासरीपासून एका स्त्रीच्या अहवालापर्यंत येताना वाटेत पुष्कळ अडचणी आहेत. त्यातली सर्वांत मोठी अडचण मी काचपट्टीवरच दाखवतो.

ब्लॉकमधून मेणाचा चार मायक्रॉनचा पापुद्रा कापून काचपट्टीवर घेतला आणि सीएक्ससीआर४च्या अँटिबॉडीने रंगवला, की जिथे रिसेप्टर आहे तिथे तपकिरी रंग येतो. चाळीसच्या भिंगाखाली पाहा. गाठीच्या पेशींचे पुंजके फिकट तपकिरी दिसतात, आणि पुंजक्यांच्या कडेला मोहरीसारखे काळपट गोल ठिपके, तेही तपकिरी, कधीकधी गाठीच्या पेशींपेक्षा गडद. ते ठिपके म्हणजे लिम्फोसाइट, शरीराच्याच बचावाच्या पेशी. सीएक्ससीआर४ मूळचा त्यांचाच रिसेप्टर आहे. डोळ्यांनी पाहणाऱ्याला कडेचा रंग कुठला आणि गाठीचा कुठला हे ओळखता येते. पण तुमच्या भावाने करून घेतलेल्या चाचणीत बहुधा ब्लॉकमधील उती खरवडून, एकत्र विरघळवून, त्यातील आरएनए मोजला असणार. मग गाठीच्या पेशींचा सीएक्ससीआर४ आणि लिम्फोसाइटचा सीएक्ससीआर४ एकाच आकड्यात मिसळून जातात. ट्रिपल निगेटिव्ह (ईआर, पीआर, हर-टू तिन्ही निगेटिव्ह) आणि हर-टू पॉझिटिव्ह गाठींमध्ये तर लिम्फोसाइट भरपूर असणे हे चांगले लक्षण मानले जाते. म्हणजे ‘उच्च’ हा एकच शब्द एका रुग्णात गाठीच्या पेशी फिरण्यास सज्ज असल्याचे सांगत असेल आणि दुसरीत शरीर नेटाने झुंजत असल्याचे. कडेला काय आहे हे न पाहता तांबडी चौकट छापणे मला अत्यंत चुकीचे वाटते, आणि हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो आहे.

दुसरी अडचण मोजण्याच्या रीतीची. हा रिसेप्टर पेशीच्या पटलावर असतो, पण केमोकाइन चिकटले की पेशी त्याला आत ओढून घेते. त्यामुळे रंग कधी पटलावर, कधी पेशीद्रव्यात, तर कधी केंद्रकात दिसतो. एका अभ्यासाने पेशीद्रव्यातील रंग मोजला, दुसऱ्याने केंद्रकातील. अँटिबॉडी वेगवेगळ्या, आणि ‘उच्च’ कुठून धरायचे ती रेषाही ज्याने त्याने आपापली आखली. ईआरचे तसे नाही. एक टक्का पेशींच्या केंद्रकात रंग आला तरी पॉझिटिव्ह धरायचे, हे २०१०पासूनच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे. नमुना तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये गेला पाहिजे आणि तिथे ६ ते ७२ तास राहिला पाहिजे, इथपर्यंत सारे ठरलेले आहे. केमोकाइन रिसेप्टरसाठी असे सर्वमान्य काही नाही. मार्करवरचे संशोधन कसे मांडावे याचे ‘रिमार्क’ नावाचे निकष २००५ साली आले, ते नेमके याच गोंधळापोटी.

फोंड्याची_माई

अबोली, मला हाच आजार होऊन नऊ वर्षे झाली. माझ्याही वेळी कोणीतरी कसलीशी जादा चाचणी सुचवली होती आणि आम्ही गोंधळून गेलो होतो. विज्ञान मला फारसे कळत नाही, पण वहिनीला एकटी बसू देऊ नकोस. अहवालांची फाइल तिच्या हाताशी ठेवू नका, तुझ्याकडे ठेव.

पेशीवाट

मी पेशींच्या स्थलांतरावर पीएचडी करतो आहे, मूळचा पेडण्याचा. एचआयव्हीबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून ते आधी. हा विषाणू पांढऱ्या पेशीत शिरताना तिच्यावरच्या सीडी४ या प्रथिनाला चिकटतो, पण तेवढ्याने त्याला दार उघडत नाही. दुसऱ्या एका रेणूची जोड लागते, आणि तो रेणू सीएक्ससीआर४ असू शकतो हे १९९६ साली कळले. त्याच वर्षी सीसीआर५ हा दुसरा जोडीदारही सापडला. म्हणजे विषाणूने शरीरातील नेहमीचे कुलूप वापरले, इतकाच तो संबंध. सीएक्ससीआर४ तुमच्या, माझ्या, सर्वांच्या पांढऱ्या पेशींवर जन्मापासून आहे. गर्भात त्याच्याशिवाय भागतच नाही. ज्या उंदरांत हे जनुक काढून टाकले, ते जन्माच्या सुमारासच दगावले. दादांना हे स्पष्ट सांगा.

हा रिसेप्टर पेशीच्या पटलातून सात वेळा आत-बाहेर ओवलेला असतो, वळेसरात (गजऱ्यात) फुलांमधून दोरा फिरतो तसा. बाहेरच्या टोकाला सीएक्ससीएल१२ लागले की आत संदेशांची साखळी सुरू होते आणि पेशीचा सांगाडा त्या दिशेला झुकतो. अस्थिमज्जेतील मूळपेशी याच ओढीने तिथे टिकून राहतात. ही ओढ तोडणारे प्लेरिक्साफोर नावाचे औषध २००८ साली अमेरिकेत मंजूर झाले. मायलोमा आणि काही लिम्फोमांच्या (रक्तपेशींच्या कर्करोगांच्या) रुग्णांत मूळपेशी मज्जेतून रक्तात आणून गोळा करण्यासाठी ते वापरतात.

गाठीत हा रिसेप्टर वाढतो कसा, हे मला फार महत्त्वाचे वाटते. गाठ वाढता वाढता तिच्या आतल्या भागाला प्राणवायू कमी पडतो, आणि त्या गुदमरलेल्या अवस्थेत पेशी सीएक्ससीआर४ अधिक बनवू लागतात. हर-टूसुद्धा तो वाढवतो, हे २००४ साली दाखवले गेले. गाठीच्या आसपासचे फायब्रोब्लास्ट (आधाराच्या उतीतल्या पेशी) स्वतः सीएक्ससीएल१२ सोडून गाठीच्या वाढीला आणि नव्या रक्तवाहिन्यांना हातभार लावतात, हे २००५ साली. २००३ साली हाडांत जाणाऱ्या पेशींची जनुके तपासली, तेव्हा त्या यादीतही सीएक्ससीआर४ होता, पण एकटा नव्हे: हाड पोखरायला आणि तिथे बस्तान बसवायला मदत करणाऱ्या इतर जनुकांसह. केवळ वाट सापडली म्हणून कोणी वस्ती करून राहत नाही.

अबोली_डिचोली

आपणा सर्वांचे मनापासून आभार. एचआयव्हीचा भाग मी भावाला वाचून दाखवला आणि त्याने मोबाइल बाजूला ठेवला. माई, फाइल आता माझ्याकडे आहे.

डॉक्टर, एक शंका अजून उरते. मोजण्याची रीत उद्या एकसारखी झाली, लिम्फोसाइटचा घोळही सुटला, असे धरून चालू. तरीही हा मार्कर वापरात येणार नाही का? आणि सीसीआर७ ‘मध्यम’ म्हणजे वहिनीच्या काखेत अजून काही राहिले असेल का?

सूक्ष्मदर्शी

शंका योग्य आहे. त्यासाठी दोन प्रकारचे मार्कर वेगळे ओळखावे लागतात. एक, उपचार कोणताही द्या, आजार साधारण कसा वागेल याचा अंदाज देणारा. यालाच पूर्वानुमानाचा मार्कर म्हणतात. दुसरा, अमुक उपचाराने या रुग्णाला फायदा होईल का हे सांगणारा. ईआर आणि हर-टू दोन्ही कामे करतात. हर-टू पॉझिटिव्ह असणे हे एके काळी वाईट बातमीच होती; १९९८ साली ट्रॅस्टुझुमॅब मंजूर झाल्यावर तीच नोंद उपचाराचे दार ठरली. सीएक्ससीआर४च्या बाबतीत असे औषध शोधण्याचे प्रयत्न झाले. बॅलिक्साफोर्टाइड नावाचा त्याचा रोधक एरिब्युलिन या केमोथेरपीच्या औषधाबरोबर देऊन पाहिला, सुरुवातीच्या चाचणीत आशा वाटली, पण हर-टू निगेटिव्ह पसरलेल्या आजारातील तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत, २०२१ साली, गाठी आक्रसण्याचे प्रमाण वाढले नाही. म्हणून आज सीएक्ससीआर४ ‘उच्च’ आला तरी स्तनाच्या कर्करोगात डॉक्टर औषध बदलणार नाहीत. तुमचे डॉक्टर लक्ष देत नाहीत असे तुम्हाला वाटले, त्यामागे हेच कारण असावे.

पूर्वानुमानापुरता विचार केला तरी एक कसोटी राहते: नवा मार्कर आपल्याला आधीच माहीत असलेल्या गोष्टींत भर घालतो का? सीएक्ससीआर४ जास्त असलेल्या गाठी पुष्कळदा लसिकाग्रंथींत पोचलेल्या असतात किंवा हर-टू पॉझिटिव्ह असतात. लसिकाग्रंथींची संख्या, गाठीचा आकार, ग्रेड, ईआर, पीआर, हर-टू हे सारे हातात असताना, उरलेला सीएक्ससीआर४ स्वतंत्रपणे किती सांगतो, याबद्दल अभ्यासांत एकवाक्यता नाही.

सीसीआर७चेही असेच आहे. २००५ साली दोन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींचा अभ्यास झाला, त्यात ज्यांच्या लसिकाग्रंथींत प्रसार होता त्यांच्या गाठींत सीसीआर७ अधिक आढळला. पण वहिनींच्या चौदा लसिकाग्रंथी माझ्यासारख्या कोणीतरी एकेक करून कापून पाहिल्या आहेत. तेरा स्वच्छ, एक बाधित. प्रत्यक्ष पाहिलेल्या गोष्टीपुढे ‘मध्यम’ या शब्दाला वजन नाही.

वहिनींच्या बाबतीत विचारण्यासारखा प्रश्न निराळाच आहे. पाळी थांबलेली, ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह, एक ते तीन लसिकाग्रंथी बाधित: अगदी अशा स्त्रियांसाठी एकवीस जनुकांच्या चाचणीवर (आजार उलटण्याचा धोका गुणांकात सांगणाऱ्या) पाच हजारांहून अधिक रुग्णांचा, चिठ्ठ्या टाकून गट पाडावेत तसा यादृच्छिक विभागणीचा अभ्यास झालेला आहे आणि त्याचे निष्कर्ष २०२१ साली छापून आले. ज्यांचा गुणांक २५ किंवा त्याहून कमी होता, त्यांच्यापैकी पाळी थांबलेल्या स्त्रियांना केमोथेरपीचा जास्तीचा फायदा मिळाला नाही. ती चाचणी महाग आहे, पण तिच्या उत्तरावर निर्णय बदलतो. त्यांच्या ऑन्कॉलॉजिस्टना त्याबद्दल विचारा.

पेशीवाट

डॉक्टरांशी बहुतेक बाबतीत सहमत आहे, एका ठिकाणी मात्र नम्रपणे असहमती नोंदवतो. लसिकाग्रंथी प्रत्यक्ष पाहता येते म्हणून सीसीआर७ला वजन नाही, हे आजवर खरे होते. पण २०२३ साली युरोपातील आणि चिलीतील केंद्रांच्या एका अभ्यासात, दोन सेंटिमीटरपर्यंतची गाठ आणि अल्ट्रासाउंडमध्ये स्वच्छ काख असलेल्या स्त्रियांची काख अजिबात न उघडताही पाच वर्षांचे परिणाम काख उघडलेल्या स्त्रियांइतकेच चांगले आले. पुढे अशा स्त्रियांची काख न उघडण्याची पद्धत रूढ झाली, तर पॅथॉलॉजिस्टसमोर लसिकाग्रंथी येणारच नाही. मग सुईने काढलेल्या बायॉप्सीच्या तुकड्यातूनच गाठीचा कल ओळखण्याची गरज भासेल, आणि सीसीआर७सारख्या मार्करचा विचार तेव्हा नव्याने करावा लागेल. आज नाही, हे मान्य.

सूक्ष्मदर्शी

हा मुद्दा मला मान्य आहे, आणि असा विचार करणारे तरुण आपल्या भागातून पुढे येत आहेत याचा आनंद वाटतो. फक्त पुढे सीसीआर७चा असा अभ्यास केलात तर त्यात लिम्फोसाइट वेगळे मोजा.

अबोली_डिचोली

सात आठवड्यांनी लिहिते आहे. आम्ही डॉक्टरांकडे जाऊन दोन्ही अहवाल समोर ठेवले. त्यांनी आठवे पान वाचले आणि आपण जे लिहिले होते जवळजवळ तेच थोडक्यात सांगितले. हाडांचा स्कॅन त्यांनी केला, तो स्वच्छ आला. एकवीस जनुकांच्या चाचणीचा विषय मी काढताच त्यांनी ती सुचवण्याचे त्यांच्याही मनात होते असे सांगितले. त्यासाठी ब्लॉक त्या पहिल्या प्रयोगशाळेकडून परत मिळवायला तीन फोन आणि एक लेखी अर्ज लागला. गुणांक १४ आला. केमोथेरपी नाही. रेडिएशन चालू आहे आणि इस्ट्रोजेन कमी करणाऱ्या लेट्रोझोलच्या गोळ्या पुढची किमान पाच वर्षे घ्यायच्या आहेत. सांधे दुखतात अशी वहिनीची तक्रार आहे, पण काल तिने स्वतः उठून सोलकढी केली.

ब्लॉक आता घरी आला आहे. प्लास्टिकच्या छोट्या जाळीदार चौकटीतले बोटभर पांढरे मेण, आणि मध्ये मसुराएवढा करडा ठिपका. वहिनीने तो हातात घेऊन बराच वेळ पाहिला. हा फ्रिजमध्ये ठेवायचा का?

सूक्ष्मदर्शी

स्कॅन स्वच्छ आला, फार बरे वाटले. सांधेदुखी या गोळ्यांनी पुष्कळ जणींना होते. डॉक्टरांना जरूर सांगा, मनाने गोळी बंद करू नका.

फ्रिजची आवश्यकता नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात, कपाटात, कोरड्या जागी ठेवा. मे महिन्यात गाडीच्या डिकीत किंवा उन्हाच्या खिडकीत राहू देऊ नका, मेण मऊ पडते. आपल्याकडे मुंग्या आणि झुरळे ब्लॉकमधील उती खातात, हे मी स्वतः पाहिलेले आहे, म्हणून डबा खरोखर घट्ट हवा. वर वहिनींचे नाव, ब्लॉकवरचा क्रमांक आणि शस्त्रक्रियेची तारीख लिहून ठेवा. पुढे कधी एखादी नवी, खात्रीची चाचणी आली तर हाच तुकडा लागेल.